नाचवणारे नामानिराळे

एप्रिल २००८ मध्ये बंगळुरूत आयपीएलचा पहिला सामना झाला. ब्रेंडन मॅकलमने नाबाद १५८ धावा कुटल्या. पण पुढचे काही दिवस खल चालला तो सीमारेषेबाहेर नाचणाऱ्या चीअरलीडर्सवर. विजय मल्ल्या यांच्या संघाने त्या थेट वॉशिंग्टनच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडून आणल्या होत्या. महाराष्ट्राचे तत्कालीन गृहराज्यमंत्री सिद्धराम म्हेत्रे यांना त्यात अश्लीलता दिसली आणि कारवाईची भाषा सुरू झाली. याच सरकारने २००५ मध्ये डान्सबारवर बंदी घालताना तारांकित हॉटेलांना मोकळीक ठेवली होती. तेव्हा संस्कृतीची ही काळजी किती सोयीची होती, हे वेगळे सांगायला नको.

परंतु सरकारपेक्षा अधिक जाब विचारायला हवा तो संघमालकांना. या मुलींना त्यांनीच आणले, जाहिरातीत मिरवले. बोंबाबोंब होताच ‘या आमच्या करारबद्ध कलाकार आहेत, त्यांचा अपमान खपवून घेणार नाही’ असे एकाही मालकाने छातीठोकपणे म्हटल्याचे स्मरत नाही. त्याच मोसमात मोहालीत दोन कृष्णवर्णीय चीअरलीडर्सना वर्णामुळे मैदानात उतरू दिले नाही, असा आरोप झाला. आयोजकांनी तो फेटाळला आणि प्रकरण विरले. आखूड कपड्यांवर जेवढा गदारोळ झाला, त्याच्या पासंगालाही हा विषय पुरला नाही.

२०११ मध्ये पुणे वॉरियर्सने भारतीय नृत्यशैलीतल्या ‘चीअर क्वीन्स’ उभ्या केल्या. टीकाकारांचे तोंड बंद करण्याचा हा हुशार तोडगा होता; मूळ प्रश्न तिथेच राहिला. त्याच वर्षी मुंबई इंडियन्सच्या ताफ्यातील एका दक्षिण आफ्रिकी तरुणीने मेजवान्यांमधील खेळाडूंच्या वागण्याबद्दल निनावी लिखाण केले. तिची ओळख उघड झाली आणि तिची परत पाठवणी झाली. तक्रारीची चौकशी करण्यापेक्षा तक्रार करणारीला विमानात बसवणे सोपे असते.

पहलगाममधील दहशतवादी हल्ल्यानंतर, २३ एप्रिल २०२५ रोजी हैदराबादचा सामना आतषबाजी आणि चीअरलीडर्सविना झाला. तो निर्णय योग्यच होता. शोकाच्या दिवशी नाचगाणे शोभत नाही. मात्र असा नाच रद्द झालेल्या दिवसाचे मानधन नर्तिकांना मिळावे, ही अपेक्षा अवाजवी नाही. कराराच्या कलमात ते स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

अमेरिकेतही नर्तिकांना असे हक्क सहज मिळाले नाहीत. ओकलंड रेडर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या चीअरलीडर्स २०१४ मध्ये तुटपुंज्या मोबदल्याविरुद्ध न्यायालयात गेल्या. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियाने व्यावसायिक संघांच्या चीअरलीडर्सना कर्मचाऱ्यांचा कायदेशीर दर्जा दिला. पोशाखाची लांबी मोजत बसण्यापेक्षा आपल्याकडच्या नेत्यांनी हा कायदा वाचला असता तर बरे झाले असते.

मैदानावर नाच हवा की नको, यावर मतभेद राहणारच. ज्या संघाला तो नको असेल, त्याने मोसमापूर्वीच तसे जाहीर करावे. हवा असेल, तर मानधन, सुरक्षा आणि तक्रार निवारणाची हमी लेखी द्यावी आणि ओरड झाली तरी मागे हटू नये. फ्रँचायझींना हे बंधनकारक करण्याचा अधिकार आयपीएलच्या नियामक परिषदेकडे आहे. तिने तो पुढच्या मोसमाआधी वापरावा.