पासपोर्ट सोडणारे आणि पासपोर्टसाठी झुरणारे

ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेल्या रायन विल्यम्सनं 2025 मध्ये तिथलं नागरिकत्व सोडून भारताचा पासपोर्ट घेतला. त्याची आई मूळची मुंबईची. त्याआधी पुणे एफसीचा इझुमी अराता, वडील भारतीय आणि आई जपानी, जपानचं नागरिकत्व सोडून 2013 मध्ये भारताकडून खेळला. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणजे दोघांनी खरंच काहीतरी गमावलं. त्यांना सलाम.

राग आहे तो आता सगळीकडे ऐकू येणाऱ्या नुस्ख्यावर: ‘परदेशातले भारतीय वंशाचे खेळाडू आणा, टीम सुधारेल.’ अराता आला, खेळला, निवृत्त झाला. काय सुधारलं?

आता नागपूरकडे बघा. इथं विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या पोरांच्या पायात फुटबॉल दिला. त्यांच्या कामावर बेतलेल्या नागराज मंजुळेंच्या ‘झुंड’मध्ये (2022) सगळ्यात अवघड सामना मैदानाबाहेर होतो. पासपोर्ट हवा म्हणून एक आदिवासी मुलगी बापासोबत ओळखीचा एकेक कागद शोधत दारोदार फिरते.

सिनेमा सोडा, ही रांग खरी आहे. पर्थमध्ये जन्मलेल्याचं मुंबईतलं मूळ आपल्याला बरोबर सापडतं. इथंच जन्मलेल्या पोरीला मात्र आपण विचारतो, ‘पुरावा काय?’

विल्यम्सला गोल करू दे, आपण नाचू. पण टीम सुधारायची असेल तर वंशावळी चाळणं थांबवा. वस्तीत मैदान द्या आणि तिथल्या पोरांचे कागद आधी करून द्या.