रोग गेला, श्वास कोण मोजणार?

तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजीराजांच्या (१७७७–१८३२) काळातील नेत्ररुग्णांची टिपणे जतन केलेली आहेत. त्यांत रुग्णाची तक्रार व उपचार यांच्यासोबत डोळ्यांची चित्रेही आहेत. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला त्यांत राजाच्या हौसेपेक्षा एक शिस्त अधिक दिसते: अवयवाची अवस्था पाहावी आणि ती कागदावर उतरवावी. आपली क्षयरोगविरोधी यंत्रणा ही शिस्त निम्मीच पाळते.

रुग्ण शोधण्यात ती कमी पडत नाही. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या मोहिमेत सहज उचलून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे वापरली गेली. औषधे मोफत मिळतात. उपचारांअखेर थुंकीत जंतू आढळले नाहीत, की 'बरा झाला' असा शेरा पडतो. परंतु जंतू गेले म्हणजे फुप्फुस पूर्ववत झाले असे नव्हे. व्रण, पोकळ्या आणि रुंदावलेल्या श्वासनलिका अनेकांच्या वाट्याला येतात. कावेरीच्या खोऱ्यात भातलावणी करणाऱ्या मजुराला धाप लागली, तर त्याची मजुरी बुडते. सरकारदप्तरी मात्र तो बराच असतो.

फुंकर मारून करावयाची स्पायरोमेट्री दोन्ही फुप्फुसांची गोळाबेरीज सांगते. साधे क्ष-किरण चित्र रचना दाखवते, कार्य नव्हे. कोणत्या भागात हवा पोहोचते आणि कोठे रक्त खेळते, हे शस्त्रक्रियेविना दाखवणाऱ्या पद्धती उपलब्ध आहेत. किरणोत्सारी टेक्नेशियमच्या अल्प मात्रेने केलेला स्कॅन निकामी भाग काढण्यापूर्वी उरणाऱ्या क्षमतेचा अंदाज देतो. छातीभोवती विद्युतअग्रांचा पट्टा बांधून केलेले विद्युत प्रतिरोध चित्रण किरणोत्साराविना, खाटेजवळच हवेचे वाटप दाखवते; चित्र ढोबळ असले तरी अतिदक्षता विभागात ते उपयोगी ठरते. अमेरिकेने डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिलेले झेनॉन वायूचे एमआरआय चित्रण अधिक सूक्ष्म, पण फार खर्चिक आहे.

'आधी रुग्ण शोधा, चित्रे नंतर' हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच प्रत्येकाचा स्कॅन करा, असे मी म्हणत नाही. उपचार संपताना प्रत्येकाची स्पायरोमेट्री व्हावी. ज्यांची क्षमता लक्षणीय घटलेली आढळेल, त्यांनाच तंजावरसारख्या ठिकाणच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुढील चित्रणासाठी पाठवावे. श्वसनव्यायाम कोणाला, शस्त्रक्रिया कोणाला आणि हलके काम कोणाला, हे त्यावरून ठरू शकेल. २०२२ पासून तामिळनाडू निदानाच्या वेळीच गंभीर रुग्ण वेगळे काढून त्यांचे मृत्यू टाळण्याचा प्रयत्न करीत आहे. तीच चाळणी उपचारांच्या शेवटीही लावता येईल.

प्रशासनात ज्याला रकाना नसतो, त्याला अंदाजपत्रकात तरतूदही नसते. निक्षय पोर्टलवर उपचारोत्तर श्वसनक्षमतेचा एक रकाना वाढवणे, हे सर्वांत स्वस्त पाऊल आहे. केंद्राने ते आधी उचलावे. कोणती यंत्रे किती हवीत, याचा हिशेब त्या रकान्यातूनच मिळेल.