दरवाजाबाहेरची माणसे

मुंबईतील डोंगरीच्या ज्या तुरुंगात १८८२ साली टिळक आणि आगरकर यांनी १०१ दिवस काढले, त्या जागी आज मुलांचे निरीक्षणगृह आहे. परंतु पदराआड डबा धरून त्या दरवाजाशी ताटकळणाऱ्या आईच्या लेखी तो अद्याप तुरुंगच असतो, आणि मुलगा ‘आत गेला’ हे चाळीत कळू नये, एवढीच तिची विवंचना असते. ही लज्जा स्वाभाविक असली, तरी तिच्यापायी घरचे माणूस मागे राहिले की मुलाचा मुक्काम लांबतो, हे तिला वेळीच कोणी सांगत नाही.

२०१५ चा बालन्याय अधिनियम अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत वा तुरुंगात ठेवू देत नाही. प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत त्याला बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे एक दंडाधिकारी व दोन समाजकार्यकर्ते यांच्यापुढे, हजर करावे लागते. गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामीन हा नियम होय. तो नाकारायचा, तर सुटकेने मूल गुन्हेगारांच्या संगतीत सापडेल, त्याला धोका पोचेल किंवा न्यायाचा हेतू विफल होईल, अशी कारणे नमूद करावी लागतात, आणि जामिनाच्या अटी सात दिवसांत पुऱ्या न झाल्यास त्या बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे लागते. चौकशी चालू असेतो निरीक्षणगृह, दोष सिद्ध झाल्यास फार तर तीन वर्षे विशेष गृह, आणि अतिगंभीर गुन्ह्यात सोळा वर्षांवरील मुलाचे प्रकरण बाल न्यायालयाकडे गेले, तरी वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत सुरक्षित स्थान, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेचा कणा मात्र एका साध्या कागदात आहे. परिवीक्षा अधिकाऱ्याने दोन आठवड्यांत सामाजिक तपासणी अहवाल द्यावयाचा असतो. त्यासाठी तो घरी येतो, शाळा कधी सुटली, मुलगा कोणाबरोबर हिंडतो, हे विचारतो, आणि त्याला पोलिसांचाच माणूस समजून घरचे लोक ‘पोरगा साधा आहे, संगतीने बिघडला’ एवढे पाठ केल्यासारखे म्हणून गप्प बसतात. वडिलांचे व्यसन, मुलाला ठेवून घेण्यास राजी असलेला गावचा मामा, पुन्हा कामावर घेऊ म्हणणारा गॅरेजवाला, ज्यांवर मंडळाचा निर्णय फिरू शकतो अशा या गोष्टी उंबऱ्याच्या आतच राहतात. शाळेचा दाखला जवळ ठेवावा, मोफत वकील मागावा, तारीख चुकवू नये, हेही त्यांना बहुधा दरवाजाबाहेरच्या दलालाकडून, पैसे मोजून कळते.

ज्याचे डोके फुटले वा घर लुटले गेले, त्याचा संताप आम्हांस समजतो. परंतु सुधारून परतलेला मुलगा त्याच्याही आळीतच राहावयाचा असतो. म्हणून मुलाला ताब्यात घेताना त्याच्या पालकांना ही सारी माहिती सोप्या मराठीत लेखी द्यावी, असा हुकूम सरकारने काढावा. आगरकरांना आपले दिवस स्वतः लिहून काढता आले. या मुलांचे दिवस दुसऱ्याच कोणाच्या अहवालात लिहिले जातात, आणि त्यातला खरा मजकूर पुरवणारी माणसे दरवाजाबाहेर उभी असतात.