तीनशेव्या नंबरचा खेळाडू नापास कसा?

टेनिसचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला. "पहिल्या शंभरात आहे का?" नाही म्हटलं की समोरचा नुसतं "हं" म्हणतो आणि गाडी क्रिकेटवर जाते. मला या "हं"बद्दल बोलायचंय.

जगातला तीनशेवा सर्जन किंवा तीनशेवा वकील असता, तर त्याच्या पुढच्या दोन पिढ्या बसून खाल्ल्या असत्या. जगातला तीनशेवा टेनिसपटू मात्र विमानाच्या तिकिटासाठी घरी फोन करतो.

अतिशयोक्ती वाटते? आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने 2013 च्या आकडेवारीवरून हिशेब मांडला होता. कोचचा खर्च न धरताही पुरुषांमध्ये साधारण 336 व्या आणि महिलांमध्ये 253 व्या क्रमांकापर्यंतच जमाखर्चाची तोंडमिळवणी होत होती. त्याखालचे सगळे पदरचे पैसे घालून खेळणारे.

सगळ्यात खालची पायरी म्हणजे 15 हजार डॉलरची स्पर्धा. हे 15 हजार सगळ्यांत मिळून, बरं का. एकेरीच्या पहिल्या फेरीत हरलात तर हातात 156 डॉलर, म्हणजे तेरा-चौदा हजार रुपये. त्यातून कर कापला जातो. हॉटेल, जेवण, रॅकेटचं गटिंग, परतीचं तिकीट हे सगळं तुमचं तुम्ही बघायचं. रणजी खेळणाऱ्याचा प्रवास आणि हॉटेल असोसिएशन बघते, वर मॅच फी मिळते. इथे तसं काही नाही. शिवाय कमावलेले पॉइंट 52 आठवड्यांनी गळून पडतात. गुडघा दुखावून सहा महिने घरी बसलात की रँकिंगही जातं आणि कमाईही.

सुमित नागल आठवा. सप्टेंबर 2023 मध्ये तो भारताचा नंबर एक होता. तेव्हा त्याने सांगितलं की खात्यात फक्त 900 युरो उरलेत, म्हणजे 80 हजार रुपयांच्या आसपास. बक्षिसाची रक्कम, इंडियन ऑइलचा पगार, आपल्या महा टेनिस फाउंडेशनची मदत, सगळं खेळातच जात होतं. चारच महिन्यांनी त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये 31 वा मानांकित बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवलं. 1989 मध्ये रमेश कृष्णन यांनी विलँडरला हरवल्यानंतर ग्रँड स्लॅम एकेरीत मानांकिताला हरवणारा हा पहिलाच भारतीय. मग आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. पुढे तो 68 व्या क्रमांकापर्यंत गेला, नंतर पुन्हा शंभराबाहेर आला, आणि आपण परत "हं" म्हणायला मोकळे.

2024 पासून एटीपीने किमान उत्पन्नाची हमी सुरू केली, चांगलंच झालं. पण ती 250 व्या क्रमांकाला संपते. आपली बहुतेक मुलं त्याच्या खाली आहेत.

मग करायचं काय? माझं मत स्पष्ट आहे. पदक मिळाल्यावर बक्षीस आणि नोकरी द्या, जरूर द्या. पण टेनिसमध्ये मुलं त्या टप्प्याच्या कितीतरी आधी संपतात. त्यांना हव्यात घराजवळ छोट्या स्पर्धा, वर्षभर. पुण्यात होतात, सोलापुरात महिलांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तशा नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगरलाही लागोपाठ तीन-चार आठवडे झाल्या, तर मुलगी रेल्वेने जाऊन पॉइंट मिळवेल. युरोपातल्या मुलांना नेमकं हेच मिळतं, शेजारच्या गावातली स्पर्धा. एका मोठ्या सत्कार समारंभाच्या मांडवात अशा स्पर्धेचा बराचसा खर्च निघेल.

मोठी एटीपी स्पर्धा बालेवाडीत होती तेव्हा पात्रता फेरी बघायला गेलो होतो. खेळाडू घाम गाळत होते आणि स्टँडमध्ये आम्ही मोजून वीस-पंचवीस माणसं. पुढच्या वेळी तुमच्या जवळ स्पर्धा आली तर तासभर जाऊन बसा. आणि पोराने नंबर 412 सांितला तर "हं" म्हणू नका. "पुढची स्पर्धा कुठे?" असं विचारा.