तोंड आले असता

तोंड आले की साधा वरणभातही झोंबतो. जागरण, मानसिक ताण, दाताचे टोक लागणे, तसेच लोह, फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी-१२ ची कमतरता ही त्याची नेहमीची कारणे.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा गुळण्या कराव्यात. जाईची दोन-तीन कोवळी पाने धुऊन चघळावीत व चोथा थुंकून टाकावा. झोपताना व्रणावर साजूक तूप लावावे. तिखट, आंबट व फार गरम पदार्थ काही दिवस टाळावेत. मऊ भात, गार दूध, केळे घ्यावे.

लहान मुलांच्या तोंडाला मधात कालवलेला टाकणखार लावण्याची जुनी पद्धत मात्र सोडून द्यावी. टाकणखार पोटात गेल्यास विषारी ठरतो आणि वर्षाच्या आतील बाळाला मधही देऊ नये.

साधे व्रण एक-दोन आठवड्यांत भरून येतात. त्यानंतरही न भरणारा व्रण, मग तो दुखत नसला तरी, डॉक्टरांना दाखवावा. घरात कोणी तंबाखू, मिश्री, गुटखा किंवा सुपारी खात असेल, तर मुळीच वेळ दवडू नये. तोंडाचा कर्करोग लवकर ध्यानात आल्यास बरा होऊ शकतो.