बाईच्या छातीतली कळ ‘पित्त’ म्हणून सोडू नका

१८ मे २०१७ रोजी अभिनेत्री रीमा लागू यांचे हृदयक्रिया बंद पडून निधन झाले. त्या अवघ्या ५८ वर्षांच्या होत्या. तरीही हृदयविकार हा पुरुषांचा आजार, हा समज कायम आहे.

तो डॉक्टरांमध्येही आढळतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात हृदयविकाराचा झटका आलेल्या, ५५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांशी बोलले गेले. झटक्याआधी डॉक्टरांकडे जाऊन आलेल्यांपैकी ५३ टक्के स्त्रियांनी ‘त्रास हृदयाचा आहे असे डॉक्टरांना वाटले नाही’ असे सांगितले. पुरुषांत हे प्रमाण ३७ टक्के होते.

छातीत दुखणे हे स्त्रियांमध्येही मुख्य लक्षण आहे. पण सोबत धाप, मळमळ, जबडा किंवा पाठ दुखणे जास्त आढळते. मग घरात सोडा दिला जातो आणि बाई दुखणे अंगावर काढते. बंद रक्तवाहिनी उघडायला जितका उशीर, तितके हृदयाच्या स्नायूचे नुकसान जास्त.

पुण्यात असाल तर लगेच १०८ ला फोन करा. रुग्णालयात पोहोचल्यावर दहा मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो नॉर्मल येऊनही त्रास थांबला नाही, तर पुन्हा ईसीजी आणि ट्रोपोनिन तपासणीविषयी विचारा. आईसाठी, पत्नीसाठी हे विचारताना संकोच करू नका.