नाणेघाट उशाशी आणि गाईड हाताशी

शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर टँकरची वाट बघण्याचे दिवस आणि विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षेचे दिवस एकच. पहाटे हंडे डोक्यावर घेऊन विहिरीच्या दोन खेपा करायच्या, मग आधी जीप आणि पुढे एसटी पकडून परीक्षा केंद्र गाठायचे, आणि पर्यावरणाच्या पेपरात पाणीटंचाईची कारणे विचारली की गाईडमधले पाच मुद्दे उतरवायचे, हे आमच्या लेकींचे उच्च शिक्षण आहे. विहीर कोणत्या महिन्यात आटते, टँकर किती दिवसांआड येतो, पाड्यातली किती घरे झऱ्यावर दिवस काढतात, हे त्या मुलीला बोटांवर मोजून सांगता येते. तिला ते कोणी विचारत नाही. आणि ज्या मुंबईच्या विद्यापीठाच्या नावाने ही परीक्षा होते, त्या मुंबईचे जवळजवळ निम्मे पाणी भातसा धरणातून, याच शहापूर तालुक्यातून जाते. तानसा तलाव तर १८९२ पासून त्या शहराची तहान भागवतो आहे. पाणी नेले, आणि पाण्याविना जगणाऱ्या मुलीला पाण्याचे जे ज्ञान झाले त्याला शून्य गुण दिले! हा अन्याय आहे. तो थांबेपर्यंत आम्ही गप्प बसणार नाही.

या रोगाचे मूळ जुने आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले तेव्हा ते शिकवत नव्हते. परीक्षा घ्यावी आणि पदवी द्यावी, एवढेच त्याचे काम. विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा अधिकार कायद्याने मिळाला तो १९०४ साली. १८६२ मध्ये रानडे आणि भांडारकर याच विद्यापीठाचे पदवीधर झाले, याचा आम्हांला अभिमान आहे. परंतु जन्माने परीक्षागृह असलेली ही संस्था पावणेदोनशे वर्षांकडे वाटचाल करतानाही मनाने परीक्षागृहच राहिली आहे. विद्यार्थी तिच्या लेखी एक बैठक क्रमांक आणि एक पुरवणी.

२०१७ साली या यंत्राने काय केले ते महाराष्ट्र विसरलेला नाही. १७ लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा निर्णय अपुऱ्या तयारीने रेटण्यात आला. राज्यपालांनी घालून दिलेली ३१ जुलैची मुदत उलटली, निकाल सप्टेंबरपर्यंत लोंबकळले, ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले. तेव्हा कागद कसे तपासावेत यावर विधानसभेपासून न्यायालयापर्यंत चर्चा झाली. त्या लाखो कागदांवर मुलांना विचारले काय होते, यावर झालेली चर्चा आम्हांला आठवत नाही.

ग्रँट विगिन्स या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९८९ सालीच ठामपणे मांडले होते की, ज्या कामासाठी माणूस शिकतो ते काम त्याच्याकडून करवून घेणे हीच खरी परीक्षा. परकी उदाहरणे कशाला? ८ मार्च २०१६ रोजी मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठी ओलांडलेल्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाठीला दप्तर लावून पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. शिक्षण झाले की नाही, हे तिथे कशावरून ठरले? आयुष्यभर अंगठा उठवणारा हात सही करू लागला, यावरून. या कसोटीत कॉपी होत नाही आणि तिला गाईड लागत नाही. आजीला जी कसोटी लावता येते ती तिच्या पदवीधर नातवाला लावायला विद्यापीठ का कचरते?

आता तर नियमांचीही आडकाठी उरलेली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली मूल्यमापनाच्या सुधारणांवर स्वतंत्र अहवाल काढला. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण आले. महाराष्ट्र शासनाने २० एप्रिल २०२३ च्या निर्णयाने पदवीच्या आराखड्यात क्षेत्र प्रकल्प, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण आणि समाजाशी जोडणारे उपक्रम श्रेयांकांसह बसवले. एका श्रेयांकाला तीस तासांचे प्रत्यक्ष काम, म्हणजे चार श्रेयांकांसाठी १२० तास. गावात, शेतात, कारखान्यात, दप्तरखान्यात घालवलेले १२० तास! ज्या दिवसाची आम्ही वाट पाहत होतो तो दिवस कागदावर उजाडला.

आणि कागदावरच मावळला. या योजनेची हत्या ‘फाईल’ या एका वस्तूने केली आहे. सत्र संपायला आठ दिवस उरले की झेरॉक्सच्या दुकानात गर्दी होते. गेल्या वर्षीच्या मुलाची फाईल घ्यायची, पहिले पान बदलायचे, मागे आभारपत्र जोडायचे आणि स्पायरल बाइंडिंग करून इंटर्नलचे गुण घ्यायचे. हल्ली तेवढेही कष्ट पडत नाहीत, मोबाईलवरची कृत्रिम बुद्धिमत्ता मिनिटाभरात चाळीस पाने लिहून देते. ओळखीच्या कारखानदाराचा शिक्का आणला की कामावरचे प्रशिक्षणही पुरे झाले. अशी एक फाईल आम्ही स्वतः वाचली आहे. मुखपृष्ठावर मुरबाड तालुक्यातले गाव होते, आणि आत निष्कर्ष होते ऊस उत्पादकांच्या अडचणींवर! भात, नागली आणि वरीच्या या मुलखात ऊस कुठून आला, हा प्रश्न तपासणाऱ्याला पडला नाही, कारण तपासणाऱ्याने ती उघडलीच नव्हती. चाळीसपैकी पस्तीस गुण मात्र दिले होते. हा विद्यार्थ्याच्या आयुष्यावर घातलेला दरोडा आहे. ज्या गावात तो जन्मला ते गाव समजून घेण्याची त्याची एकमेव संधी त्याच्याकडून हिरावली गेली, आणि वर त्याच्या हातात खोटे प्रमाणपत्र ठेवले गेले.

याचा दोष आम्ही मुलाच्या माथी मारणार नाही. प्राध्यापकांच्या माथीही सरसकट मारणार नाही. ग्रामीण महाविद्यालयांत जागा रिकाम्या ठेवून शासन तासिका तत्त्वावरच्या माणसांकडून शिकवून घेते. वर्गात उभे राहून बोललेल्या तासाचे पैसे, तेही महिनोन्‌महिने रखडलेले. डोळखांबच्या पुढच्या पाड्यावर विद्यार्थ्याचे काम पाहायला हा शिक्षक गेला तर तो दिवस कोणत्या तासिकेत धरणार? जीपचे भाडे कोण देणार? क्षेत्रकार्य सक्तीचे करायचे आणि ते बघायला जाणाऱ्या माणसाला उपाशी ठेवायचे, ही शासनाची लबाडी आहे. मंत्रालयात बसून हा निर्णय लिहिणाऱ्यांनी त्यासाठी एक पैसा बाजूला काढला नसेल, तर या फाईलींच्या पापाचे धनी तेच आहेत.

आमच्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत आणि त्यांच्या वेशीवर परीक्षेचे प्रश्न दगडधोंड्यांसारखे जागोजाग पडले आहेत. वैशाखऱ्याकडून चढणाऱ्या वाटेच्या माथ्यावर नाणेघाटाचे लेणे आहे. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख तिथे भिंतीवर कोरलेला आहे, यज्ञांत दिलेल्या दानांच्या संख्या त्यात अंकांत लिहिल्या आहेत, आणि भारतीय अंकांच्या इतिहासातला हा फार जुना पुरावा आहे. त्या अंकांचा उलगडा एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी केला. त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. डोंगर चढून, भिंतीशी डोळे लावून, ठसे घेऊन ते शिकले, आणि हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना सन्मानाने डॉक्टरेट दिली. मुरबाडचा इतिहासाचा विद्यार्थी मात्र सातवाहनांवर टीप लिहून बाहेर पडतो, कितीदा तरी घाटाकडे न फिरकता. त्याला त्या भिंतीसमोर उभे करा. एक अंक ओळखायला सांगा. जकातीच्या नाण्यांसाठी होता म्हणतात तो दगडी रांजण दाखवा आणि या वाटेने कोणता माल कुठून कुठे जात असेल याचा तर्क मांडायला लावा. पुराव्यापासून निष्कर्षापर्यंत मूल कसे जाते, हे तिथे तासाभरात कळेल. ते पुरवणीत कळत नाही.

सिद्धगडाच्या रानात २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इंग्रजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्या दिवसांच्या आठवणी ऐकलेली माणसे आसपासच्या वाड्यांत आहेत, आणि ती पिढी हातातून निसटते आहे. त्यांचे बोल टिपून घेणे हा इतिहासाचा पेपर का होऊ नये? धसई गाव डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातले पहिले रोकडरहित गाव म्हणून गाजले. आज तिथल्या किराणा दुकानात, वडापावच्या गाडीवर व्यवहार कसे चालतात, त्या यंत्रांचे पुढे काय झाले, हे दुकानदारांशी बोलून मांडणारा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी बँकिंग शिकला असे आम्ही समजू. पौषातल्या म्हशाच्या यात्रेत बैलांचे आणि घोंगड्यांचे भाव कसे ठरतात, दलाल किती घेतो, हे अर्थशास्त्र कोणत्या गाईडात आहे? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा दाखल करताना ग्रामसभेला हद्दीचा नकाशा लागतो, म्हाताऱ्यांचे जबाब लागतात. भूगोलाच्या विद्यार्थ्याने तो नकाशा करावा, तो दाव्याला जोडला जावा, आणि त्याच नकाशावर त्याला गुण मिळावेत. चूक झाली तर गावाचे नुकसान आहे हे ठाऊक असलेला मुलगा जेवढ्या काळजीने शिकतो तेवढ्या काळजीने तो परीक्षागृहात कधी शिकणार नाही.

आक्षेप आम्हांला पाठ आहे. अंतर्गत गुणांत वशिला चालेल, मर्जीतल्या मुलांना खैरात होईल, नावडत्यांचा काटा काढला जाईल. आक्षेप खरा आहे. विद्यापीठाने यापूर्वीही अंतर्गत गुण आणले आणि मागे घेतले. पण वशिला बंद खोलीत चालतो. मूल्यमापन चारचौघांत आणा! शहापूरच्या सोनूभाऊ बसवंत महाविद्यालयाच्या मुलांचे काम शिवळ्याच्या शांतारामभाऊ घोलप महाविद्यालयाच्या शिक्षकांनी तपासावे, त्यांच्या मुलांचे यांनी. तोंडी परीक्षा सर्वांसमोर व्हावी आणि ती मराठीत व्हावी. ठाकर किंवा कातकरी मुलाने घरच्या बोलीत उत्तर दिले तर त्याचा एकही गुण कापला जाऊ नये. ज्याने काम स्वतः केले आहे त्याला तीन प्रश्नांत ओळखता येते, आणि ज्याने फाईल विकत आणली त्यालाही.

लेखी परीक्षा बुडवा असे आमचे म्हणणे नाही. गणिताला, रसायनशास्त्राच्या सिद्धान्ताला, भाषेच्या लेखनाला ती हवी. पण ती एकटीच पदवी ठरवू शकत नाही, हे टाळेबंदीच्या वर्षी, २०२० साली सिद्ध झाले. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्टला परीक्षेशिवाय पदवी नाही असे बजावले, आणि मग विद्यापीठाने अंतिम वर्षाच्या मुलांना मोबाईलवर चार पर्यायांतला एक निवडायला लावला. माळशेजच्या पायथ्याशी जिथे फोनला रेंज मिळत नाही तिथल्या मुलांचे तीन वर्षांचे शिक्षण त्या तासाभराच्या रेंजवर टांगले गेले. त्या मुलांनी टाळेबंदीत बांधावर, दुकानात, घरच्या शेतात जे केले त्याची नोंद घेण्याची एकही जागा विद्यापीठाकडे नव्हती, आणि आज आहे ती कागदावरच.

आमची मागणी स्पष्ट आहे. क्षेत्रकार्य पाहणाऱ्या शिक्षकाचा दिवस हा कामाचा दिवस धरून त्याचे वेतन आणि प्रवासखर्च शासनाने द्यावा, रिकाम्या जागा भराव्यात. आणि ज्या गावाच्या नावाने प्रकल्प लिहिला जातो त्या गावच्या ग्रामसभेत तो वाचल्याशिवाय त्याला एकही श्रेयांक देऊ नये. गावकरी उठून विचारतील, ही विहीर आटते कधी म्हणालास? उत्तर देता आले तर तो विद्यार्थी उत्तीर्ण. दरवर्षी १ मेला ग्रामसभा असते. त्या दिवशी शहापूरच्या पाड्यांवर टँकर आलेला असेल किंवा आलेला नसेल, आणि रांगेत उभी असलेली मुलगी ते सांगायला तिथेच असेल.